दान कुणाचं, भोग कुणाला: रोलप्लेइंग गेममधल्या क्लास फीचर्सचं नशीब न्याय्य कसं करावं

पहिल्या लेव्हलचा एक सॉर्सरर, म्हणजे जादूगार पात्र, घ्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या रोलप्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती, २०१४ सालचे नियम, सबक्लास (क्लासची, म्हणजे पात्राच्या पेशाची, उपशाखा) वाइल्ड मॅजिक, ज्यात जादू अधूनमधून बेलगाम उसळते; ती उसळी म्हणजे सर्ज. कॉन्स्टिट्यूशनचा (चिवटपणाचा) बोनस +२ धरला तर त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ८. चौघं जण एका अरुंद बोळात उभे आहेत. तो एक साधा स्पेल टाकतो, डीएम (खेळ चालवणारा) त्याला डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायला सांगतो आणि पडतो १, म्हणजे सर्ज. मग शंभराच्या तक्त्यावर फासा पडतो: ०७. त्या ओळीप्रमाणे त्याच्याच पायाशी फायरबॉल फुटतो. आठ डी-६, म्हणजे सरासरी २८ डॅमेज. हिट पॉइंट शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटांइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र जागीच मरतं, हा नियम. म्हणजे या सॉर्सररला मारायला १६ पुरेत. सेव्ह (बचावाचा फासा) हुकला तर त्याचं मरण जवळजवळ ठरलेलं, आणि १२ हिट पॉइंटांचा फायटर शेजारी उभा असेल तर २८ मध्ये तोही जातो. त्या फायटरने वाइल्ड मॅजिक निवडलं नव्हतं. त्याने फासाही टाकला नव्हता.

वाइल्ड मॅजिक मला मनापासून आवडतं. फाशांशिवाय हा खेळ मला नको आहे, आणि प्रत्येक क्लासचं नशीब घासून गुळगुळीत करावं असंही मी म्हणत नाही. पण ‘फासा सगळ्यांना सारखाच’ म्हणून विषय संपवणारे डीएम पुष्कळ भेटतात, आणि ते म्हणणं खरं नाही. सारखा फासाही अन्याय करू शकतो. माझ्या मते दोन गोष्टी बघायच्या: तो फासा पूर्ण कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) किती वेळा पडतो, आणि एकदा पडलेलं दान किती काळ आणि कुणाच्या अंगावर राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत. उदाहरणं बहुतेक डी अँड डीची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक टेबलं तेच खेळतात. पण हिशोब कुठल्याही सिस्टिमला लागू पडतो.

पायरी १: प्रत्येक फीचरची नोंद करा

सेशन झीरोच्या (खेळ सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीच्या) आधी एक वही घ्या. टेबलवरच्या प्रत्येक पात्राच्या क्लास फीचर्सपैकी (क्लासमुळे मिळणाऱ्या क्षमतांपैकी) ज्यांत फासा आहे ती लिहून काढा. साधे अटॅक रोल, हिट पॉइंट, क्रिटिकल, सेव्ह घ्यायला लावणारे स्पेल, तक्त्यावर चालणारं काही, सगळं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: फासा अंदाजे किती वेळा पडेल, परिणाम किती काळ टिकेल, आणि तो कोण भोगेल.

मग चित्र आपोआप दिसतं. फायटरचा अटॅक रोल कॅम्पेनभरात शेकडो वेळा पडतो आणि परिणाम त्याच टर्नला संपतो. ६० टक्के शक्यतेने लागणारे २०० हल्ले धरा. त्यांतले १२० लागतील अशी अपेक्षा, आणि बहुतेक वेळा आकडा १०६ ते १३४ च्या मध्येच येईल. एखाद्या संध्याकाळी सलग पाच वेळा हुकलं तर जीव जळतो, पण वर्षभरात नशीब आपोआप समतल होतं. इथे काहीही दुरुस्त करायची गरज नाही. उलट ज्या ओळीत ‘एकदाच’ आणि ‘कायमचं’ हे दोन शब्द शेजारी आले, तिथे लाल पेनाने खूण करा.

पायरी २: एकदाच पडणारे फासे आधी आवरा

लाल खुणेत पहिले येतात पात्राच्या सहा मूळ गुणांचे (ताकद, चपळाई वगैरे) आकडे, म्हणजे अ‍ॅबिलिटी स्कोअर. चार डी-६ टाकून सर्वांत लहान काढून टाकायचा, ही पद्धत सगळ्यांच्या हाताला बसलेली. तिची सरासरी एका स्कोअरला १२.२४, सहांची बेरीज सुमारे ७३.५. तयार यादी, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८, यांची बेरीज ७२. वरवर पाहता फासा टाकणाऱ्याचा किंचित फायदाच. पण त्या बेरजेचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ७ च्या आसपास आहे. म्हणजे पाच जणांच्या टेबलवर सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या बेरजेत सरासरी १६ गुणांचं अंतर पडतं. दर दोन गुणांना एक मॉडिफायर (फाशात मिळवायचा +१) धरला तर आठ मॉडिफायर! हे अंतर पहिल्या दिवशी पडतं आणि शेवटच्या सेशनपर्यंत प्रत्येक अटॅकला, प्रत्येक सेव्हला, प्रत्येक स्किलला मोजलं जातं.

जुन्या आवृत्त्यांत तर क्लासच नशिबावर होता. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन व्हायचं तर स्ट्रेंग्थ १२, कॉन्स्टिट्यूशन ९, विझडम १३ आणि करिश्मा १७ लागायचा. तीन डी-६ ओळीने टाकायची तिथली पहिली पद्धत धरली, तर चारही अटी एकदम पुऱ्या होण्याची शक्यता साधारण ७५० मध्ये एक. आणि गंमत बघा, इतकं दुर्मिळ दान ज्याला पडलं त्यालाच वर आणखी ताकदवान क्लास मिळायचा. नशीबवानाला बक्षीस म्हणून आणखी नशीब. फायटरची स्ट्रेंग्थ १८ आली की तो शंभराचा फासा वेगळा टाकायचा. ०१ ते ५० पडलं तर हल्ल्याला +१ आणि डॅमेजला +३, पण ०० पडलं तर +३ आणि +६. एकाच स्कोअरचे दोन फायटर, आणि एका फाशाने पूर्ण कॅम्पेनचा फरक.

यावर उपाय काय? सगळ्यांत सरळ म्हणजे तयार यादी किंवा २७ गुणांचं पॉइंट बाय (ठरलेल्या गुणांतून स्कोअर विकत घेणं). पण फासे टाकण्याची मजा सोडवत नसेल तर सामाईक यादी करा. प्रत्येक खेळाडूने एकेक स्कोअर टाकायचा, सहा पुरे होईपर्यंत राहिलेले डीएमने टाकायचे. मग तेच सहा आकडे सगळ्यांनी घ्यायचे आणि आपापल्या क्लासप्रमाणे लावायचे. नशीब राहतं, ते सगळ्यांच्या वाट्याला एकच येतं. कुणीतरी १७ टाकला की पूर्ण टेबल ओरडतं, ही तर वरकमाई.

‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’च्या २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तीने वेगळी वाट काढली आहे आणि मला ती फार पटते. तिथे करिअर फाशावर ठरवता येतं. पहिलं पडलेलं करिअर मुकाट्याने घेतलं तर ५० एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात. पटलं नाही तर आणखी दोनदा फासा टाकून तिनांतून एक निवडायचं, मग २५. स्वतःच्या मनाने घ्यायचं असेल तर शून्य. ज्याने जोखीम पत्करली त्याला तिचा मोबदला, आणि नको असेल तर दार उघडं.

तिसरी वाट ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ची. तिथे सुरुवातीला प्रत्येक खेळाडूकडे शून्य लेव्हलची एकापेक्षा जास्त साधी माणसं असतात: शेतकरी, लोहार, कुणी फेरीवाला. स्कोअर तीन डी-६ ओळीने, काहीही पडो. पहिल्या मोहिमेत त्यांतली बरीचशी मरतात, आणि जे वाचतात त्यांना क्लास मिळतो. फासा अतिशय निष्ठुर, तरी कुणाला अन्याय वाटत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात पुरेशी पात्रं असतात आणि मरण येईल हे आधीच सांगितलेलं असतं.

पायरी ३: हिट पॉइंटांसाठी चिठ्ठ्या

हिट पॉइंटांची लाल खूण लहान, पण ती लेव्हलगणिक साचत जाते. फायटरने दुसऱ्यापासून दहाव्या लेव्हलपर्यंत नऊ वेळा डी-१० टाकला तर सरासरी ४९.५. ठरलेला आकडा घेतला तर लेव्हलला ६, एकूण ५४. म्हणजे नियमच सांगतायत की फासा टाकू नका. तरी लोक टाकतात, आणि एकाच टेबलवरच्या दोन फायटरांत १२ हून जास्त फरक पडण्याची शक्यता साधारण तिनांत एक. जो पुढे उभा राहून मार खायचा, त्याचेच हिट पॉइंट कमी पडले की तो क्लास हातात राहून उपयोग नाही. डी अँड डीच्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने हा फासा काढूनच टाकला होता, आणि पाथफाइंडर या तशाच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीतही तो नाही.

फासा काढायचा नसेल तर भिशीसारखं करा. भिशीत ज्याचं नाव निघालं त्याची चिठ्ठी परत डब्यात जात नाही, म्हणून शेवटी प्रत्येकाला एकदा मिळतंच. फायटरच्या डब्यात २ ते १० अशा नऊ चिठ्ठ्या टाका. दर लेव्हलला एक काढायची, परत टाकायची नाही. दहाव्या लेव्हलला बेरीज बरोबर ५४, ठरलेल्या आकड्याइतकीच. मधल्या काळात मात्र कुणाला आधी १० निघेल, कुणाला आधी २, आणि २ निघाल्यावरही खेळाडू हिरमुसत नाही, कारण ती डब्यातली सगळ्यांत वाईट चिठ्ठी होती आणि आता ती गेली.

बाकीच्या फाशांचेही डबे जमतात. बार्बेरियनच्या डी-१२ साठी ३ ते ११. रोग किंवा क्लेरिकच्या डी-८ साठी २ ते ८ आणि वर दोन ५. विझर्ड आणि सॉर्सररच्या डी-६ साठी २, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस नेहमीप्रमाणे वेगळा. कॅम्पेन पाचव्या लेव्हललाच थांबलं तर काही फरक राहील, पण फाशांपेक्षा बराच कमी.

पायरी ४: भोग कुणाला ते तपासा

आता सुरुवातीच्या फायरबॉलकडे या. वाइल्ड मॅजिकचा फासा पुन्हा पुन्हा पडतो, त्यामुळे तो पहिल्या दोन पायऱ्यांत अडकत नाही. अडचण तिसऱ्या रकान्यात आहे: निवड एकाची, परिणाम सगळ्यांचा, आणि त्यातला एक कायमचा.

शक्यता मोजून बघा. डी-२० वर १, मग तक्त्यावर ०७ किंवा ०८: प्रत्येक स्पेलला १००० मध्ये एक. कुणी म्हणेल, इतक्यासाठी कशाला डोकं खाजवायचं? कारण दुसरा रस्ताही आहे. टाइड्स ऑफ केऑस वापरून सॉर्सररला एका रोलवर अ‍ॅडव्हान्टेज (दोन डी-२० टाकून मोठा घ्यायची सवलत) घेता येतो, आणि मग पुढच्या स्पेलनंतर डीएम त्याला डी-२० शिवाय थेट तक्त्यावर फासा टाकायला लावू शकतो. त्या वाटेने तीच शक्यता ५० मध्ये एक. चांगला डीएम हे फीचर भरपूर वापरू देतो, म्हणजे जितका डीएम चांगला तितका पार्टी जळण्याचा धोका मोठा.

यात लेव्हलचा फरक किती पडतो तेही पाहा. हाच सॉर्सरर तिसऱ्या लेव्हलला ठरलेल्या आकड्यांनी २० हिट पॉइंटांचा असतो. २८ डॅमेजने तो कोसळतो, पण उरलेलं ८ त्याच्या २० पेक्षा कमी, म्हणून जागीच मरत नाही. त्यासाठी ४० लागतात, आणि आठ डी-६ वर ४० किंवा जास्त शंभरात एखाद्या वेळीच पडतात. साथीदारांना उचलायला वेळ मिळतो. २०२४ च्या सुधारित नियमांत सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला आले आहेत. तुम्ही २०१४ वरच खेळत असाल तरी एक ओळीचा घरचा नियम पुरे: तिसऱ्या लेव्हलपर्यंत सर्जमधून येणारं कुठलंही डॅमेज कुणालाही जागीच मारत नाही, फार तर शून्यावर आणतं.

आणि सेशन झीरोला वाइल्ड मॅजिक घेणाऱ्याने सगळ्यांना थेट विचारावं: “माझ्या सर्जचा मार तुम्हालाही बसू शकतो. चालेल का?” एक जण जरी नाही म्हणाला तरी तक्त्यातल्या त्या ओळी बदला. बाकीच्यांची संमती ही या सबक्लासची किंमतच आहे असं मी मानतो.

पायरी ५: फासा डीएमच्या आठवणीवर ठेवू नका

२०१४ च्या मजकुरात सर्जचा डी-२० डीएमने मागायचा असतो. व्यवहारात काय होतं, तर डीएमच्या डोक्यात सहा गॉब्लिन, एक सापळा आणि नकाशा असतो, आणि तो विसरतो. मग पूर्ण सबक्लास झोपलेला राहतो. दुसऱ्या टेबलवर डीएमला सर्ज आवडतात म्हणून तो रोज मागतो. एकच पात्र, आणि त्याचं बळ डीएमच्या स्वभावावर. २०२४ मध्ये हे सुधारलं: स्लॉट (स्पेल टाकायच्या मर्यादित संधींपैकी एक) खर्चून सॉर्सरर स्पेल टाकला की खेळाडू स्वतः डी-२० टाकू शकतो, टर्नला एकदा, आणि २० पडला की सर्ज. टाइड्स ऑफ केऑसनंतरचा सर्जही आता आपोआप येतो. जुने नियम खेळत असाल तरी एवढं उचलून घ्या.

पण २० मध्ये एक ही शक्यता मला फार कोरडी वाटते. सेशनला सहा स्पेल टाकले तर एकही सर्ज न येण्याची शक्यता ७३ टक्क्यांच्या वर. सलग वीस स्पेल कोरडे जाण्याचीही ३६ टक्के. ज्याने वाइल्ड मॅजिक हौसेने घेतलं, तो तीन-तीन सेशन साधा सॉर्सरर म्हणून बसलेला असतो.

म्हणून चढता उंबरठा वापरा. पहिल्या स्पेलनंतर १ पडला तर सर्ज. नाही पडला तर पुढच्या स्पेलला १ किंवा २, मग १ ते ३, असं चढत जायचं. सर्ज आला की पुन्हा १ पासून. यात सरासरी ५.३ स्पेलनंतर एक सर्ज येतो. पाच स्पेलांत येण्याची शक्यता ५६ टक्के, दहांत ९७. उंबरठ्याचा आकडा एका मोठ्या डी-१० वर सगळ्यांना दिसेल असा टेबलच्या मधोमध ठेवा. तो ६ वर गेला की साथीदार हळूच लांब सरकायला लागतात, आणि हीच मजा हवी असते: कधी ते माहीत नाही, पण जवळ आलंय हे दिसतंय.

मात्र सर्ज जवळजवळ चौपट वेळा येणार असेल, तर मूळ शंभराचा तक्ता तसाच ठेवून चालणार नाही.

पायरी ६: स्वतःचा तक्ता लिहा

इथे एक चांगला नमुना तयार आहे. २०२० साली बार्बेरियनला वाइल्ड मॅजिकचा जो सबक्लास आला, त्यात रेज करताना (लढाईत संतापाने पेटताना) डी-८ टाकायचा असतो आणि आठही परिणाम बार्बेरियनच्या फायद्याचे आहेत. काय मिळेल हे नशिबावर, मिळेल की नाही हे नाही. मला यात सॉर्सररच्या तक्त्याचा थरार कमी वाटतो, पण पाया पक्का आहे.

माझा कल मधल्या वाटेकडे. आठ ओळींचा तक्ता, आणि लिहिताना चार अटी: कुठल्याही ओळीत कुणी मरणार नाही, कुठलाही परिणाम सॉर्सररच्या पुढच्या टर्नच्या शेवटापलीकडे टिकणार नाही, त्रास असेल तर तो आधी सॉर्सररला, आणि इतरांना काही होणार असेल तर मित्र-शत्रू भेद न करता. हा घ्या एक:

१. तीस फुटांतली प्रत्येक ज्योत विझते. मशाल, कंदील, मेणबत्ती, सगळं.
२. सॉर्सररचा आवाज बसतो. शब्द लागणारे स्पेल पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत बंद.
३. तीस फुटांतल्या दिसणाऱ्या कुठल्याही रिकाम्या जागी तो टेलिपोर्ट होतो. जागा खेळाडूने निवडायची.
४. तो जमिनीपासून दहा फूट वर तरंगतो. स्वतःहून हलता येत नाही, पण लांब पल्ल्याच्या शस्त्राशिवाय जमिनीवरून कुणी त्याच्यापर्यंत पोहोचूही शकत नाही.
५. निवडलेल्या एका साथीदाराला डी-६ अधिक सॉर्सररची लेव्हल इतके टेम्पररी हिट पॉइंट.
६. यापुढे जो कुणी पहिला हल्ला करेल, मित्र असो वा शत्रू, त्याला अ‍ॅडव्हान्टेज.
७. पहिल्या लेव्हलचा खर्च झालेला एक स्लॉट परत.
८. दहा फुटांतले सगळे, सॉर्सररसकट, पाच फूट मागे फेकले जातात, इजा नाही.

पहिली ओळ नीट बघा. अंधारात दिसणाऱ्या शत्रूंसमोर ती घातक, गुहेतून पळताना ती सुटका. चौथीचंही तसंच: जवळून लढणाऱ्यांपासून बचाव, धनुर्धाऱ्यांसमोर आयतं लक्ष्य. ज्या ओळीची किंमत प्रसंगावर ठरते ती लिहायला सगळ्यांत चांगली, कारण तिथे नशिबानंतर खेळाडूचं डोकं चालतं. नुसतं ‘तुला ५ डॅमेज’ लिहिलं तर डोक्याला काही काम उरत नाही.

तिसऱ्या पायरीतल्या चिठ्ठ्या इथेही चालतात. आठ परिणामांच्या आठ चिठ्ठ्या करा आणि सगळ्या संपेपर्यंत परत टाकू नका. सॉर्सररचा खेळाडू मग डब्यात काय उरलंय ते मोजायला लागतो आणि त्यावर डाव रचतो.

पायरी ७: फासा निर्णयाआधी की निर्णयानंतर

दोन फीचर शेजारी ठेवा. डिव्हिनेशन विझर्डचं पोर्टेंट: लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) दोन डी-२० टाकायचे, आकडे लिहून ठेवायचे, आणि दिवसभरात कुणाच्याही रोलच्या जागी ते वापरायचे. ३ पडला तरी वाया नाही, तो शत्रूच्या सेव्हला द्यायचा. नशीब आधी कळतं आणि निर्णय नंतर. म्हणून पोर्टेंटबद्दल अन्यायाची तक्रार मी ऐकलेली नाही.

दुसरं, २०१४ च्या क्लेरिकचं डिव्हाइन इंटरव्हेन्शन. दहाव्या लेव्हलला मिळतं. देवाला हाक मारायची, शंभराचा फासा टाकायचा, आणि आपल्या लेव्हलइतका किंवा कमी पडला तरच देव धावून येतो. म्हणजे दहाव्या लेव्हलला १० टक्के. फसलं तर लाँग रेस्टनंतर पुन्हा प्रयत्न. दहा दिवस रोज हाक मारली तर एकदा तरी यश यायची शक्यता ६५ टक्के. पण कथेतले दिवस टेबलवर किती सावकाश सरकतात हे डीएमना माहीत आहे. त्या लेव्हलवर कथेतले पाचच दिवस गेले, तर ५९ टक्के शक्यता अशी, की क्लेरिकचं हे मोठं फीचर एकदाही चालणार नाही. बाकीच्यांना त्याच लेव्हलला रोज चालणारी गोष्ट मिळालेली असते. २०२४ मध्ये फासाच काढला: लाँग रेस्टला एकदा, पाचव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही क्लेरिक स्पेल स्लॉटशिवाय. हिशोबाला हे चोख आहे. मात्र हाक मारून फाशाकडे डोळे लावून बसायचा तो क्षण गेला याचं मला वाईट वाटतं. तो ठेवायचा असेल तर चढता उंबरठा इथे छान बसतो: प्रत्येक फसलेल्या हाकेगणिक शक्यता १० टक्क्यांनी वाढवा, देव आला की पुन्हा मूळ आकड्यावर. पाच दिवसांत एकदा तरी यश, याची शक्यता मग ८५ टक्क्यांच्या आसपास जाते.

नवं फीचर लिहिताना शक्य तितका फासा निर्णयाच्या आधी आणा. नंतरच आणावा लागला, तर फसल्यावर खर्च झालेली गोष्ट परत द्या किंवा पुढची शक्यता वाढवा.

पायरी ८: नॅचरल १ चे तक्ते फेकून द्या

हे मात्र थोडक्यात, कारण यात दोन बाजू नाहीत. १ पडला की तलवार हातातून पडते, स्वतःलाच लागते, असे घरचे तक्ते पुष्कळ टेबलांवर चालतात. टर्नला एक हल्ला करणाऱ्याला हा धोका ५ टक्के. दोन हल्ल्यांना ९.७५, तिनांना १४.३, आणि विसाव्या लेव्हलच्या फायटरच्या चार हल्ल्यांना १८.५ टक्के. म्हणजे जगातला सर्वांत कसलेला योद्धा नवशिक्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा तलवार पाडतो. आणि फायरबॉल टाकणारा विझर्ड? तो अटॅक रोल टाकतच नाही, सेव्ह समोरचा टाकतो. शस्त्राने लढणाऱ्या क्लासवरच लावलेला दंड आहे हा. टेबलला फारच आवडत असेल तर फक्त टर्नच्या पहिल्या हल्ल्याला लावा, आणि शत्रूने सेव्हवर २० टाकला की जादूगारालाही तोच तक्ता.

पायरी ९: फासा स्वतः तपासा

शकुनीचे फासे कुणाला नको असतात. डी-२० मिठाच्या पाण्यात तरंगवून बघायची युक्ती लोक सांगतात, पण तिच्यावर विसंबू नका. सरळ २०० वेळा टाका आणि कुठला आकडा किती वेळा आला ते मांडा. प्रत्येक आकडा १० वेळा यायला हवा. प्रत्येकाच्या फरकाचा वर्ग करा, १० ने भागा, वीसही उत्तरं मिळवा. ही झाली काय-वर्ग चाचणी. बेरीज ३०.१४ च्या खाली असेल तर फाशाला नावं ठेवायला कारण नाही. वर गेली तर आणखी २०० वेळा टाका, कारण चांगला फासाही वीसांत एकदा या रेषेपलीकडे जातो. दोन्ही वेळा वर गेली तर तो फासा शोभेसाठी ठेवा. आणि ज्या रोलवर पात्राचा जीव आहे तो डीएमने पडद्यामागे टाकू नये, सगळ्यांसमोर टाकावा.

पायरी १०: मधेच बदलायची सोय ठेवा

कागदावर बरोबर बसलेला हिशोब टेबलवर बोचू शकतो. म्हणून साधारण चौथ्या-पाचव्या सेशननंतर दहा मिनिटं काढा आणि फक्त नशिबावर चालणाऱ्या फीचर्सबद्दल विचारा. “तुझं फीचर किती वेळा चाललं? चाललं तेव्हा मजा आली का?” हे खेळाडूला विचारायचं. “त्याच्या फीचरमुळे तुमचा डाव कधी बिघडला का?” हे बाकीच्यांना. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त वजन द्या.

बदल करायचा ठरला तर तो सेशनच्या मध्ये करू नका आणि मागच्या तारखेने लावू नका. उंबरठा, तक्त्यातली ओळ किंवा चिठ्ठ्यांचे आकडे, यांतलं एका वेळी एकच बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. आणि ज्याचं फीचर आहे त्या खेळाडूच्या होकाराशिवाय त्याला हात लावू नका. त्याला बदलही नको आणि आहे तेही नको असेल, तर पुढच्या लेव्हलला सबक्लास बदलू द्या. कथेत त्याचं कारण शोधायचं काम डीएमने आपल्याकडे घ्यावं.